पाणी किती आहे? : नदीची पातळी वाचण्याचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात बीबी हे गाव आहे. या परिसरातले ओढेनाले वर्षातले बरेच महिने कोरडे असतात आणि पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी पाहता पाहता भरून येतात. इथले पाणी पूर्णेच्या किंवा पैनगंगेच्या वाटेने अखेर गोदावरीला मिळते. अशा मुलखातल्या वाचकाला रबरी तराफ्यात बसून फेसाळत्या नदीत उतरण्याचा खेळ, म्हणजे ज्याला आज आपण सर्रास राफ्टिंग म्हणतो तो, परका वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या खेळाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी विचारलेला असतो. फरशीवरून गढूळ पाणी वाहत असते, अलीकडे एसटी थांबलेली असते, पलीकडे गाव दिसत असते, आणि खाली उतरलेल्या प्रवाशांपैकी कोणीतरी विचारतो : पाणी किती आहे?

या साध्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याचे उत्तर कोण देतो, कोणासाठी देतो, यालाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा एक धागा उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. तो धागा लोणारच्या फरशीपासून रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिका नदीपर्यंत जातो.

१

फरशीवरच्या प्रश्नाचे पारंपरिक उत्तर शरीराच्या भाषेत येते. घोटाभर, गुडघाभर, मांडीभर, कमरेएवढे, छातीएवढे, पुरुषभर. विहिरीची खोली सांगताना आजही आपल्याकडे 'परस' हा शब्द वापरतात. त्याचे नाते 'पुरुष' या शब्दाशी आहे. हे माप ढोबळ खरे, पण त्यात एक शहाणपण आहे. जे शरीर पाणी ओलांडणार आहे तेच इथे मोजपट्टी असते. मोजणारा आणि धोका पत्करणारा यांत अंतर नसते.

अर्थात नुसती खोली पुरेशी नाही हेही या परंपरेला ठाऊक होते. म्हणून 'पाणी गुडघ्याइतकेच आहे, पण ओढ फार आहे' असे म्हटले जाते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे विधान अचूक आहे. वाहत्या पाण्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर पायांवर येणारा जोर चौपट होतो. संथ डोहात छातीभर पाण्यात निवांत उभा राहणारा माणूस वेगवान ओढ्यात गुडघाभर पाण्यात पाय गमावतो. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या जागेला आपण 'उतार' म्हणतो. उतार निवडताना गावकरी सर्वांत अरुंद जागा टाळून पात्र जिथे पसरट झाले आहे तिथे जातात, कारण पसरलेले पाणी उथळ असते आणि त्याची ओढ कमी असते.

पाणी चढते आहे की उतरते आहे, हे ओळखण्याच्या खुणाही या ज्ञानात येतात. पाण्याचा रंग बदलणे, काडीकचरा, पाने, शेवाळ्याचे तुकडे वाहून येऊ लागणे, काठावरचा ओला पट्टा दिसेनासा होणे या चढत्या पाण्याच्या खुणा होत. दगडांवर ओली रेघ उघडी पडू लागली की पूर ओसरू लागला. पुराबरोबर वाहून येणाऱ्या या काडीकचऱ्याला जुन्या मराठीत एक खास शब्द होता : 'वोसाण'. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो ज्ञानेश्वरीत भेटतो. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधल्या या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात माया ही नदी आहे असे दीर्घ रूपक येते. त्यात ब्रह्मगिरीवरून निघणारा ओघ आहे, भोवरे आहेत, वळणे आहेत, पुराने बुडवलेली नगरे आहेत, आणि सुखदुःखे या नदीवर वोसाणाप्रमाणे तरंगत आहेत. पुढे ही नदी तरून जाऊ पाहणारे निरनिराळे साधक आपापल्या बळाने उतरतात आणि बुडतात.

या रूपकाचा आध्यात्मिक आशय सर्वपरिचित आहे. इथे लक्षात घ्यायचे ते वेगळे. हे वर्णन ज्याने केले त्याच्यासमोर आणि त्याच्या श्रोत्यांसमोर पूर आलेली खरी नदी होती, आणि तिच्यातला भोवरा, वळण आणि वोसाण यांत फरक करणारी भाषा सर्वांच्या तोंडी होती. त्याशिवाय रूपक श्रोत्यांपर्यंत पोचलेच नसते. नदी वाचणे ही तेव्हा सर्वसामान्यांची साक्षरता होती.

२

पुढे गावे आणि नगरे नदीकाठी स्थिरावली तसतशी ही साक्षरता दगडात कोरली गेली. नाशिकला गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर आजही विचारतात, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले? पायांपर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. इथे माप शरीराचेच आहे, पण ते शरीर आता सर्वांचे सामाईक, न हलणारे, देवाचे झाले आहे. त्यामुळे यंदाच्या पुराची मागच्या पुराशी तुलना शक्य होते. मोजमापाच्या इतिहासातले हे एक महत्त्वाचे पाऊल आहे.

त्यानंतरचे पाऊल आकड्यांचे. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत वाचली जाते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी हेच आकडे ३९ आणि ४३ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाचा आकडा ५७ फुटांच्या वर गेला, आणि तो आकडा सांगलीच्या लोकांच्या स्मरणात एखाद्या तिथीसारखा राहिला आहे.

पण या फुटांचा शून्य कुठे आहे? तो त्या त्या ठिकाणी कोणीतरी ठरवलेला आहे. सांगलीचे ४५ फूट आणि कोल्हापूरचे ४३ फूट यांची परस्परांशी तुलना होत नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागेपुरते आणि आपापल्या शून्यापुरते खरे आहेत. प्रत्येक मोजपट्टी कोणत्यातरी गरजेपोटी उभी राहते, आणि ती गरज तिच्यावरच्या खुणांत उतरते.

याचे सर्वांत जुने ठळक उदाहरण इजिप्तचे आहे. कैरोजवळच्या रोडा बेटावर इ. स. ८६१ मध्ये बांधलेला नाइलमापक स्तंभ आजही उभा आहे. नाइलचे पाणी त्यावर किती हात चढले यावरून पीक कसे येणार आणि शेतकऱ्याकडून सारा किती घ्यायचा हे ठरत असे. त्याच्याही आठशे वर्षे आधी रोमन लेखक प्लिनी याने नाइलच्या चढत्या पाण्याची एक शिडीच दिली आहे : बारा हातांना दुष्काळ, आणि तिथून वर चढत सोळा हातांना आनंद. मात्र काठावरच्या शेतकऱ्याचा आनंद आणि खजिन्याचा आनंद एकाच हातावर सुरू होत असेल असे समजण्याचे कारण नाही.

साहित्याच्या इतिहासातला दाखला यापेक्षा जवळचा वाटेल. 'मार्क ट्वेन' हे टोपणनाव मुळात नदीच्या खोलीचे माप आहे. मिसिसिपी नदीवरच्या आगबोटीवर खोली मोजणारा खलाशी दोरीवरची दुसरी खूण, म्हणजे दोन फॅदम किंवा बारा फूट, पाण्याला लागली की ही आरोळी देत असे. बोटीला तेवढे पाणी पुरेसे सुरक्षित होते. सॅम्युअल क्लेमन्स याला १८५९ मध्ये नदीवरचा वाटाड्या म्हणून परवाना मिळाला. १८८३ च्या मिसिसिपीवरच्या पुस्तकात तो पाण्याचा पृष्ठभाग ग्रंथासारखा वाचायला कसा शिकला हे सांगतो, आणि वाचायला शिकल्यावर नदीचे सौंदर्य आपल्यासाठी हरवले अशी खंतही व्यक्त करतो. जी तरंगरेषा प्रवाशाला मोहक वाटते ती त्याला बुडालेल्या खडकाची सूचना वाटू लागते.

३

आजचे कयाक चालवणारे आणि राफ्टचे वाटाडे ट्वेनच्याच शाळेतले विद्यार्थी आहेत. त्यांची विद्या थोडक्यात समजून घेणे पुढच्या विवेचनासाठी आवश्यक आहे.

पातळी आणि विसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळी म्हणजे पाणी किती उंच आहे. विसर्ग म्हणजे एका सेकंदात किती पाणी पुढे जाते. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून रोज दिसणारा 'क्युसेक' हा शब्द विसर्गाचा आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. पात्राचा छेद आणि पाण्याचा सरासरी वेग यांचा गुणाकार केला की विसर्ग मिळतो. हाताशी यंत्र नसेल तर ठरावीक अंतर एखादे लाकूड किती वेळात वाहून जाते ते मोजून पृष्ठभागावरचा वेग काढतात, आणि तळाशी पाणी संथ असल्यामुळे तो साधारण ०.८५ ने गुणतात. अनेक पातळ्यांना असा विसर्ग मोजून ठेवला की पुढे नुसती पातळी वाचून विसर्ग सांगता येतो. मात्र इथेही एक खोच आहे. पूर चढत असताना आणि उतरत असताना पातळी एकच असली तरी विसर्ग एक नसतो. चढत्या पुरात तो बहुधा अधिक असतो.

खळाळत्या पाण्याच्या जागांना, ज्यांना राफ्टिंगमध्ये रॅपिड म्हणतात, अवघडपणानुसार १ ते ६ अशा श्रेणी दिल्या जातात. पहिली श्रेणी जवळजवळ सपाट वाहत्या पाण्याची, सहावी जवळजवळ अशक्य. नवशिक्याला वाटते की श्रेणी खडकांची असते. प्रत्यक्षात ती त्या खडकांवर त्या दिवशी असलेल्या पाण्याची असते. पाणी कमी असेल तर खडक उघडे पडतात, वाट अरुंद होते आणि तराफा घासतो. पाणी वाढले की काही खडक पूर्ण झाकले जातात आणि तिथला खळाळ चक्क सौम्य होतो, तर दुसरीकडे त्याच पाण्यामुळे बुडालेल्या खडकामागे उलटे फिरणारे, माणसाला धरून ठेवणारे पाणी तयार होते. म्हणूनच 'ही नदी किती अवघड आहे?' या प्रश्नाला जाणता वाटाड्या आधी प्रतिप्रश्न करतो : पाणी किती आहे?

पाण्याच्या पृष्ठभागावरही खुणा असतात. प्रवाहाच्या दिशेने निमुळती होत गेलेली गुळगुळीत जीभ दिसली तर ती दोन खडकांमधली खोल वाट असते. टोक वरच्या बाजूला असलेला कोन दिसला तर त्या टोकाशी खडक असतो. पाण्याचा फुगवटा म्हणजे खाली दडलेला दगड. आणि सर्वांत फसवी खूण म्हणजे खूण नसणे. नदीच्या आडव्या बंधाऱ्यावरून एकसारखे, शांत पडणारे पाणी वरून निरुपद्रवी दिसते, पण त्याच्या पायथ्याशी उलट फिरणारा प्रवाह या काठापासून त्या काठापर्यंत सलग असतो आणि त्यातून सुटायला फट मिळत नाही. अनुभवी कयाकपटू लहान धबधब्यापेक्षा अशा बंधाऱ्याला अधिक भितो. महाराष्ट्रातल्या नद्यांवर असे बंधारे शेकड्यांनी आहेत, आणि पोहायला उतरणाऱ्या मुलांना ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितलेली नसते.

४

आता कुंडलिकेकडे वळू. महाराष्ट्रात राफ्टिंग म्हटले की पहिले नाव येते ते रायगड जिल्ह्यातल्या कोलाडचे. सह्याद्रीतून उतरणारी कुंडलिका भिरा, कोलाड, रोहा असा प्रवास करून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्यावर सुमारे बारा ते चौदा किलोमीटरच्या टप्प्यात दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे रॅपिड आहेत. कोकणातल्या इतर नद्या पावसाळा संपताच आटू लागतात. इथे मात्र ऐन मे महिन्यातही सकाळी नदी भरते आणि तराफे सुटतात. दुपारपर्यंत पाणी उतरते. पर्यटकांना सांगितले जाते : सकाळी धरणाचे पाणी सोडतात, त्यावर राफ्टिंग चालते.

हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. ते पाणी कुंडलिकेचे नाही. ते मुळेचे आहे. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ मुळशी येथे टाटांच्या वीज कंपनीचे धरण आहे. मुळेचा नैसर्गिक ओघ पूर्वेला : पुण्यावरून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. धरणात अडवलेले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून साधारण पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडले जाते, तिथली जनित्रे फिरवते, पुढे रवाळज्याच्या वीजकेंद्रातून जाऊन कुंडलिकेत पडते आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळते. म्हणजे कोलाडच्या तराफ्याखाली उन्हाळ्यात जे पाणी खळाळते ते मुख्यतः दिशा बदललेल्या दुसऱ्याच नदीचे असते. आणि त्याची पातळी पाऊस ठरवत नाही. ती विजेची मागणी ठरवते.

ही पातळी कोणत्या वर्षी ठरली, असे विचारले तर उत्तर १९२१ च्या आसपास शोधावे लागते. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. मुळशीची योजना या मालिकेतली पुढची. त्यासाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन खाजगी कंपनीकरिता मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्याचे ठरवले. मुळा-निळेच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावे आणि तिथली भातखाचरे त्यात बाधित होणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामाच्या जागेवर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे हे दुसरे प्रमुख नेते. लढा १९२४ पर्यंत अधूनमधून चालू राहिला. त्या वर्षाच्या अखेरीस रेल्वे अडवण्याच्या कृतीबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि आंदोलन संपले. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले.

या लढ्यावर मराठीत स्वतः भुस्कुटे यांनी लिहिले, आणि पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्याचा अभ्यासपूर्ण इतिहास सिद्ध केला. त्यांच्या २००९ च्या इंग्रजी ग्रंथाचे शीर्षकच मुळशीला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हणते. हा दावा कोणी वादग्रस्त मानू शकेल. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे : कुंडलिकेची उन्हाळी पातळी ही या संघर्षाच्या निकालाची रोज सकाळी निघणारी प्रत आहे.

मला इथे राफ्टिंगची निंदा करायची नाही. या खेळाने कोलाड परिसरातल्या अनेक तरुणांना रोजगार दिला, आणि नदी वाचण्याची जवळजवळ लोपलेली विद्या नव्या पिढीच्या हाती दिली. वाटाड्या खडक पाहतो, जीभ ओळखतो, काठावरची ओली रेघ तपासतो. पण त्याच्या वाचनात एक मूलभूत फरक पडला आहे. ट्वेनच्या वाटाड्याला किंवा मावळातल्या शेतकऱ्याला नदी आकाशाकडे पाहून वाचावी लागे. कुंडलिकेवर ती घड्याळाकडे पाहून वाचावी लागते. वर ढग नसताना, पाऊस नसताना पाणी चढते. गढूळपणा, वोसाण या जुन्या खुणा इथे पूर्वसूचना देतीलच असे नाही. पात्रात कपडे धुणाऱ्या किंवा मासे धरणाऱ्या माणसाला मग पाण्याच्या अंगच्या खुणांपेक्षा भोंग्यावर आणि वेळापत्रकावर विसंबावे लागते. मोजणारा आणि धोका पत्करणारा यांच्यातले जे अंतर पुरुषभर पाण्याच्या मापात नव्हते, ते इथे सह्याद्रीच्या कड्याएवढे झाले आहे.

५

कुंडलिकेच्या उलट उदाहरण गोव्यातल्या म्हादईचे देता येईल. तिच्यावर वाळपईच्या परिसरात पावसाळ्यात राफ्टिंग होते आणि तिथली पातळी पाऊसच ठरवतो. सकाळचा वाटाडा आदल्या रात्रीच्या सरी मोजतो. पण म्हादईचे पाणीही आता केवळ निसर्गाच्या हवाली राहिलेले नाही. तिच्या वाटपासाठी नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा देऊन कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिले, आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. या मापात माणसाचे शरीर कुठेही नाही. घोटा नाही, गुडघा नाही, मारुतीची कंबरही नाही. तरीही वाळपईच्या खडकांवर पाणी किती असावे, हे उद्या या आकड्यांवरही अवलंबून राहील.

साहित्याचा विद्यार्थी संहिता वाचताना तिचा लेखक, तिचा काळ, तिच्यातली गाळलेली नावे शोधतो. नदीची पातळीही अशीच संहिता आहे, असे मी सुचवू इच्छितो. तराफ्यातला वाटाड्या तिची शेवटची ओळ वाचतो, आणि जीव वाचवण्यासाठी ती ओळ नीट वाचणे अगत्याचे आहे. इतिहासाच्या वाचकाने त्या ओळीवरून वर, उगमाकडे जायला हवे. कुंडलिकेवर असे वर गेले की कड्यावर मुळशी लागते आणि तिच्या पाण्याखाली भातखाचरे लागतात.

आणि तोवर लोणार तालुक्यातल्या कुठल्यातरी फरशीवर, येत्या पावसाळ्यात, एसटी पुन्हा थांबलेली असेल. तिथे विसर्गाचे फलक नाहीत, वेळापत्रक नाही. चालक आणि चारदोन म्हातारी माणसे पाण्याकडे पाहत उभी असतील. कडेचे दगड दिसतात का, काडी किती वेगाने जाते, रंग फिका होतो आहे का, याचा अंदाज घेत असतील. त्यांचा निर्णय चुकला तर किंमत त्यांनाच मोजावी लागेल, म्हणून ते घाई करत नाहीत. मागे बसलेल्या आपल्यासारख्यांनीही ती करू नये.